बारवेतली सून

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. मोशीजवळच्या आपल्या बारवेपाशी दर चैत्रात आई देवीची ओटी भरायची आणि तुम्ही तिची गोष्ट सांगायचात. यादवांच्या काळात बारव खणली, पाणी काही लागेना. मग पाटलांची धाकटी सून हिरवं लुगडं नेसून आपल्या पायांनी पायऱ्या उतरली आणि झरा फुटला. मी सातवीत होते. "ती आपल्या पायांनी उतरली, हे पाहिलं कुणी?" असं विचारलं, तर तुम्ही चारचौघांत डाफरलात, "देवीच्या गोष्टीला फाटे फोडायचे न्हाईत!" एरवी तुम्ही इतके मवाळ, म्हणून ते अजून लागतं.

गेले चार दिवस ती सून डोक्यातून जात नाही. खणताना दरड कोसळून खाली माती उपसणारी कुणी बाई गाडली गेली असेल. तिला ढकललंही असेल. किंवा पाणी आपसूक लागलं आणि गोष्ट मागाहून रचली, असंही असेल. पण "आपल्या पायांनी" हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असणार, आणि त्या माणसाची तेव्हा चांगलीच तंतरली असणार. माझी तशीच तंतरली आहे.

चाकणच्या कंपनीत मी प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या विभागाची, सुपरवायझर आहे. मंगळवारी तिथे एका कंत्राटी बाईची तीन बोटं गेली. बुधवारी मशीनला नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, आणि साहेबांनी अपघाताचा कागद माझ्यापुढे सरकवला. "कामगाराने स्वतःहून हात घातला, एवढंच लिहा मॅडम. तुमच्याही सोयीचं आहे." दवाखान्यात गेले तर ती म्हणाली, "ताई, म्या काय हौसेनं हात घातला व्हय? तुम्ही तर तिथंच होता की." मी तिची चादर नीट करत राहिले.

सही सोमवारी करायची आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. माल वेळेत जावा म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. ती पट्टी मी लावली होती, अण्णा.