खारूताईचं तिसरं कडवं

११ जानेवारी

'चिंचेखाली भरली शाळा, खारूताई मास्तरीण' – पहाटेच कानात सूर आला. आवाज चिमीचा. उंच, जरासा चिरका, आणि दर ओळीच्या शेवटी मांडीवर थाप. परदेशात आमच्या घरासमोरच्या कुलूपबंद शाळेतून तो यायचा, त्याला तीस वर्षं होऊन गेली. दिल्लीत, द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये, खाली भाजीवाला ओरडत असतानाही, लख्ख ऐकू येतो.

युरोपातून त्या सरकारी वकीलबाईंचा निरोप आला. साक्ष वीस तारखेला. दिल्लीतूनच, व्हिडिओवर.

निकाल लागेपर्यंत देशांची नावं कुठंही लिहायची नाहीत, असं अक्षतानं बजावलंय. नात वकील असली की हे असं. तर – मी परदेशात आपल्या वकिलातीत हेडक्लार्क होतो, तिथं यादवी पेटली. तेव्हाचा एक कॅप्टन पुढं दुसऱ्याच देशात जाऊन, नाव बदलून बेकरी चालवत होता. तिथल्याच कोर्टानं आता धरलाय. तो म्हणतो, शाळा रिकामी होती, आम्ही कुणालाही कोंडलं नव्हतं.

रिकामी! मग गात कोण होतं?

१२ जानेवारी

जेवताना यतीन पुन्हा सुरू. "बाबा, ऐंशीला आलात. तो वकील तुम्हाला सोलून काढेल. पाहिलंत काय तुम्ही? काहीच नाही."

म्हटलं, "ऐकलं ना."

"ऐकलं म्हणे. बीपीची गोळी तरी ऐकता का?"

मी अक्षताला विचारलं, गुन्हा एकीकडे आणि कोर्ट दुसरीकडे, हे चालतं कसं? म्हणाली, "आजोबा, काही गुन्हे एवढे वाईट असतात की ते साऱ्या माणसांविरुद्धच धरतात. मग कुठल्याही देशाचं कोर्ट म्हणू शकतं, आणा त्याला इकडे."

"आणि आपलं?"

"आपल्याकडे जिनिव्हा कराराचा कायदा आहे की, साठ सालचा. पण तक्रार सरकारनंच करायची. तुम्ही-मी नाही."

"केली कधी?"

"माझ्या तरी ऐकण्यात नाही."

यतीन म्हणाला, "बिल्कुल सही. आता भात घ्या."

१४ जानेवारी

मंडळाच्या बसनं पानिपतला. काला अंबच्या स्मारकाला फुलं वाहिली. थंडी कडाक्याची, पोरं सेल्फीत दंग. मी दर वर्षी इथं कविता म्हणतो, यंदा गप्प राहिलो. मनात एवढंच – इथं पडलेल्यांचा जाब कुणी कुणाला विचारणार होतं? लोकांनी गाणी केली, तेवढंच हाती होतं. आता विचारणारं कुणी निघालंय, तर मी घरी बसू?

१७ जानेवारी

चिमी म्हणजे आमच्या घरमालकाची मुलगी. खरं नाव वेगळं. आठ-नऊ वर्षांची असेल. संध्याकाळी पायरीवर बसून मी शाळेतल्या कविता गुणगुणायचो, ती ऐकून ऐकून शिकली. अर्थ एका शब्दाचा कळत नसे, पण चाल पक्की. मग एके दिवशी सैनिकांनी तिच्या घरच्यांना नेलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून 'खारूताई' ऐकू येऊ लागली. मी इकडून पहिली ओळ म्हणायचो, ती तिकडून दुसरी. मी आहे, एवढंच ती मला सांगत होती. आम्हाला तिथून हलवलं त्या आठवड्यात शाळा जळाली.

घरचं कुणीही सापडलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, आतलं एक माणूस जरी मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. आता तुमच्या कानांवर आहे.

२० जानेवारी

झाली साक्ष.

चाणक्यपुरीत त्यांच्या दूतावासातली खोली. भिंतीवर पडदा, पडद्यात कोर्ट. कोपऱ्यात कॅप्टन – टक्कल, चष्मा, आमच्या पोस्टमास्तरांसारखा दिसतो. शेजारी दुभाषी, पुण्याची मुलगी.

त्याचा वकील म्हणाला, "तुम्ही मुलीला पाहिलं नाहीत."

"नाही."

"रेडिओ असेल."

"त्या गावात मराठी रेडिओ? मग मी इथून मराठी पेपर कशाला मागवत होतो?" दुभाषीनं हे हसू दाबून सांगितलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "म्हणून दाखवा."

म्हटली. मांडीवर थापा देत, शेवटपर्यंत. यतीन मागे बसला होता, त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

वकील सोडेना. "वकिलातीत इतर भारतीय होते. त्यांच्यापैकी कुणाच्या मुलानं म्हटली असेल. पाठ्यपुस्तकातली कविता, सगळ्यांनाच येत असणार."

इथं सापडला. म्हटलं, "साहेब, पुस्तकात कडवी चार आहेत. तिसऱ्यात खारूताईला वर्गातच डुलकी लागते. आमचे मास्तर स्वतः वर्गात झोपायचे, त्यामुळे ते कडवं त्यांनी कधी शिकवलंच नाही. आमच्या गावची अख्खी शाळा दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जाते. आत्ता मीही तसाच गेलो. त्या कुलूपबंद शाळेतला आवाजही तसाच जायचा. ते चुकलेलं शिक्षण त्या देशात एकाच मुलीला मिळालं होतं."

पुस्तकाची प्रत अक्षतानं आधीच पाठवली होती. बाईंनी पानं उलटली. कडवी मोजली. कॅप्टननं चष्मा काढून पुसला.

मेट्रोत यतीननं मला बसायला जागा मिळवून दिली. मग म्हणाला, "बाबा, मला का नाही शिकवलीत ती?"

२१ जानेवारी

घसा बसला. बाकी सगळं ताठ.

३० जानेवारी

तिकडच्या पेपरात माझ्या नावासकट छापून आलंय, कोर्टात गाणारा भारतीय म्हातारा. चालीचा उल्लेखच नाही. निकाल मार्चमध्ये. मला खात्री आहे. यतीन म्हणतो, तुम्हाला मॅच हरतानाही खात्री असते.

मफलर त्या दूतावासात राहिला वाटतं.

९ फेब्रुवारी

दुपारी खुर्चीत डुलकी लागली होती. गेटवरून गार्डचा फोन – "अंकल, एक विदेशी मॅडम आई हैं, आपका ही नाम ले रही हैं." मला वाटलं, दूतावासातून मफलर आला.

दार उघडलं. चाळिशीतली बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, प्रवासानं चुरगळलेला कोट. मी इंग्रजीत 'या' म्हटलं, ती आत येईना. बॅग खाली ठेवली. मांडीवर थाप दिली.

पहिलं कडवं. दुसरं. आणि श्वासही न घेता चौथं.