क्रोमियमचा अपवाद

मंगळवार, दिवेलागण

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून शुभानं तिथे जरीपटक्याच्या बाजारातून आणलेली मूलद्रव्यांची आवर्तसारणी टांगली. म्हणजे माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तरानं आता एकादशी हायड्रोजनला विचारायची. जन्मभर कॉलेजात रसायन शिकवलेल्या बायकोला चिडवावं म्हणून मी त्यातली इलेक्ट्रॉनांची मांडणी मुद्दाम चुकीची वाचली, "क्रोमियम. फोर एस टू, थ्री डी फोर."

तक्त्यात क्रोमियमवर बोट ठेवून ती म्हणाली, "फोर एस वन, थ्री डी फाइव्ह. अपवाद आहे तो. डी अर्धा भरला की बरं वाटते त्याले."

मग वळून हसली. "बसा ना सर. कोणाचे पालक तुम्ही?"

थट्टाच असणार, म्हणून मीही हसलो. ती उत्तराची वाट पाहत राहिली. बोट अजून क्रोमियमवरच.

शुभा मला विसरत चालली आहे का? मला फार भीती वाटते, आणि हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही.