समुदायाला काहीही नाही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सव्वीस, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची थोरली मुलगी आणि आधुनिक कला संग्रहालयातली 'समुदाय समन्वयक', राजीखुशीने आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करते. सोमवारी माझ्या मानेतली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही," आणि पाच कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. हा सहावा माझ्या मनाचा.

१. बँकेत असेल ते आईचं. त्याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवू नये.

२. संगणक आणि पुस्तकं धाकट्या बहिणीला. अट एकच: नोकरीच्या अर्जात तिने स्वतःला 'सर्जनशील' म्हणवून घेऊ नये. मी म्हणवून घेतलं होतं, आणि लगेच निवडले गेले.

३. पदवीचं प्रमाणपत्र दुकानात अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यावर टांगलेलं आहे. घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून त्या खिळ्याला ते छत्री अडकवू देत नाहीत. यापुढे खुशाल अडकवावी.

४. संग्रहालयाची कापडी पिशवी संग्रहालयाला परत करावी. तिच्यावर 'आपण सारे निर्माते' असं छापलं आहे. तिचा बंद पहिल्याच आठवड्यात तुटला आणि अप्पांनी नवा लावून दिला. तो उसवून ठेवून घ्यावा. निर्मात्यांनी आपला बंद आपण शिवावा.

५. आता नमुना.

कलावंत, तंत्रज्ञ आणि कारागीर एका टेबलाभोवती बसले तर काहीतरी चांगलं घडेल, यावर माझा विश्वास होता. अजून आहे, म्हणूनच चीड येते. संग्रहालयाच्या प्रकल्पात तसं टेबल होतं. डिझायनर एकही डाग नसलेला कारागिराचा एप्रन घालून बसे, संगणकतज्ज्ञ भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत राही, आणि अप्पांना कोपऱ्यात घडीची खुर्ची. माणूस खाली उभा राहिला की आपोआप उघडणारी भलीमोठी छत्री करायची होती. अप्पांनी हातभर उंचीचा नमुना आधीच घरी केला होता आणि मला दिला होता. "तुझ्या टेबलावर ठेव," म्हणाले.

तो यंत्राने मोजला. आठांपैकी एका काडीवरचा टाका ढिला निघाला. संगणकतज्ज्ञाने ती चूक समजून पडद्यावर सुधारली. मोठी छत्री उभी राहिली आणि पहिल्या आठवड्यात तिचं कापड तीनदा फाटलं.

"अहो साहेब, तो ढिला ठेवलेलाच आहे," अप्पा म्हणाले. "सगळ्याच काड्या ताणून बसल्या तर कापडाने जायचं कुठे?"

टाका सैल केला. त्यानंतर छत्री फाटलेली नाही.

भिंतीवर पाटी लागली. रचना: डिझायनरचं नाव. तंत्रज्ञान: तज्ज्ञाचं नाव. सहभाग: स्थानिक समुदाय. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आले होते. त्यांनी पाटी सावकाश वाचली आणि विचारलं, "हा समुदाय कोण गं? माझी त्याची कधी गाठ पडली नाही."

मी क्युरेटर बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "एकेकाची नावं लिहिली की सामूहिकता मरते."

"मग डिझायनरचंही काढा."

"तू भावनिक होतेयस."

त्यांनी अप्पांनी सही केलेला चार पानी कागद पुढे केला. समुदायाने दिलेलं ज्ञान संग्रहालयाचं, असं तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. तो कागद अप्पांपुढे मीच ठेवला होता. त्यांनी विचारलं होतं, "वाचलास ना?" मी म्हटलं होतं, "चांगली माणसं आहेत, करा सही." घरातल्या एकुलत्या एका पदवीधराने तो वाचला नव्हता. याबद्दल मी इथे, साक्षीदारांसमोर, अप्पांची माफी मागते.

६. संग्रहालयाला आता तो नमुनाही कायमच्या संग्रहासाठी हवा आहे, पाटी तीच ठेवून. पण तो त्या कागदाच्या आधीचा आहे आणि माझा आहे. मी नसले तर ते अप्पांकडे येतील, गोड बोलतील, आणि मला बरं वाटलं असतं असं समजून अप्पा सही करतील. म्हणून स्पष्ट लिहिते: मला बरं वाटलं नसतं. नमुना मी अप्पांना देते. समुदायाला काहीही नाही. त्यांचं पूर्ण नाव डिझायनरच्या नावाशेजारी, तेवढ्याच अक्षरांत लागणार असेल, तरच अप्पांनी विचार करावा. नाहीतर मोडून टाकावा. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मोडायचा कशाला? काड्या चांगल्या आहेत, बारक्या पोरांच्या छत्र्यांना लागतील." तेही मला मंजूर आहे.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यामुळे अप्पांची सही खाली नाही. मात्र मी सही करण्याआधी त्यांनी हा कागद चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाऊण तास लागला. मी थांबले.

साक्षीदार:
१. (सही) संग्रहालयाच्या दारावरच्या रखवालदार बाई
२. (सही) शेजारच्या दुकानातला शिंपी

मृत्युपत्र करणारी: (सही)

ठिकाण: अप्पांचं दुकान
दिनांक: ९ सप्टेंबर २०२३, शनिवार