स्पिरिटमधला आतड्याचा तुकडा

सर, तुमच्या जुन्या कपाटातली स्पिरिटची बाटली परवा मी उघडली. आत बकरीच्या आतड्याचा तुकडा, आणि बाटलीवर तुमच्या अक्षरात आमच्या गावाचं नाव. कुरखेड्याच्या या जनावरांच्या दवाखान्यात आता तुमच्या जागी मीच डॉक्टर आहे. गेल्या आठवड्यात एका टोल्यावरच्या, लहानशा वस्तीतल्या बकऱ्यांना रक्ताची हगवण लागली. पूर्वी नमुना बाहेर जायचा आणि उत्तर येईपर्यंत गोठा रिकामा व्हायचा. आता लॅपटॉपला जोडायचं मुठीएवढं यंत्र मिळालंय. ते लेंड्यांतल्या जंतूंची जनुकं वाचतं, संध्याकाळपर्यंत रोगाचं नाव सांगतं. बऱ्याच बकऱ्या वाचल्या. त्याच हौसेनं तुमच्या बाटलीतला तुकडाही लावला, तर त्यात साल्मोनेला निघाला, एका जनावराकडून दुसऱ्याला लागणारा हगवणीचा जंतू.

मी तेव्हा शाळेत होते. सरकारी योजनेतल्या बकऱ्या, तुम्ही स्वतः पसंत करून आणलेल्या, आईच्या बचत गटाला मिळाल्या आणि आठवड्याभरात मेल्या. आमच्या अंगणात सगळ्या बाया उभ्या आहेत आणि तुम्ही म्हणताय, "सडका भात चारला तुम्ही. दुसरं काय असणार?" आई म्हणते, "सडायले भात आमच्या घरी उरतेच कुठी, सर? त्या आल्या तवाच हगत होत्या." तुम्ही पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतलात. त्यानंतर गावात कोणी तिच्या हाती वासरूसुद्धा सोपवलं नाही.

एका तुकड्यावरून सगळ्या कळपाचं सांगू नये, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण तुकडा जपून ठेवलात, म्हणजे शंका होती ना? मग तपासायला काऊन नाही पाठवलात? पुढे तुम्हीच मला अभ्यासाला बसवलंत, पहिला स्टेथोस्कोप दिलात, प्रवेशाच्या दिवशी सोबत आलात. ती माया होती की भरपाई, तुम्ही गेल्यावर आता कोणाला विचारू?

आईला सांगितलं तेव्हा ती मोहफुलं निवडून राह्यली होती. हात न थांबवता म्हणाली, "मी तं तवाच सांगतलं होतं, बाई. तूही नाई आयकलं."

हे पत्र कुठेच जाणार नाही. तुमच्यावर रागावणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं. कॉलेजात मैत्रिणींना अडाणीपणाचं उदाहरण म्हणून मी आईचीच गोष्ट सांगायची, सर. हसत हसत.