अकरा मिनिटं

सोमवार, ३ मार्च
चोर! माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं!
पंपाच्या पंख्याची वळणदार पाती. फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनवर ती कापायची तर टूल कुठून, किती कलून जाईल — तीन आठवडे डोळे फोडून मी बसवलं. प्रत्येक वळणाला वेगळा कल, म्हणजे टूल धरणारा जाड होल्डर शेजारच्या पात्याला लागणार नाही. आज बैठकीत साहेब म्हणाले, "मी केलंय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, ४ मार्च
ताई म्हणते, सोडून दे. नाही सोडणार.

गुरुवार, ६ मार्च
आयतंच हातात आलं!
साहेबांनी माझ्या प्रोग्राममध्ये हात घातलाय. सगळीकडे एकच कल ठेवला, अकरा मिनिटं वाचवली, स्वतःवरच खूश. मी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालवून बघितला. शेवटच्या फेरीत, पात्यांच्या बुडाशी, होल्डर सरळ शेजारच्या पात्यात घुसतो. त्यांनी तपासलंच नाही.
मी फाइल बंद केली आणि शांतपणे चहा प्यायले.

शुक्रवार, ७ मार्च
सोमवारी पाहुण्यांसमोर पंखा कापायचाय. मशीनवर मामा असणार — सगळे त्यांना मामाच म्हणतात, मला टूल हातात धरायला त्यांनीच शिकवलं. कौतुकानं म्हणाले, "नाव साहेबाचं असू दे. हात कुणाचा ते मला कळतं."
मी नुसती हसले.

सोमवार, १० मार्च
घुसला! पातं उखडलं, टूल फिरवणारं स्पिंडल कामातून गेलं, साहेबांचं तोंड चुन्यासारखं पांढरं. मी काचेमागे उभी राहून सगळं डोळे भरून बघितलं. गोड लागलं. इथं खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ११ मार्च
साहेब म्हणतात, मामांनी टूल चुकीच्या लांबीचं बसवलं. एकोणीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला घरी बसवलं. मामांनी डबा उचलला आणि गेले.

बुधवार, १२ मार्च
लेखी देऊन आले. साहेबांनी केलेला बदल, त्याची तारीख — आणि मला गुरुवारीच दिसलं होतं, हेही. आता आम्हा दोघांची चौकशी. होऊ दे. मी बुडाले तरी चालेल, त्यांना घेऊन बुडेन.

शुक्रवार, १४ मार्च
मामांकडे गेले. सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "टूल जास्तच कललंय, हे मलाही दिसलं होतं. बंद करायच्या बटणावर हात होता माझा. पण म्हटलं, पोरीचं काम आहे, बरोबरच असणार. काढून घेतला."