चुलीची मनधरणी

प्रिय धाकटे,

तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? सूनबाईला अन्न पचतंय ना आता?

मी सरदारांच्या मुदपाकखान्यात मजेत आहे. त्यांच्या लेकीची काल जादूची परीक्षा होती. नुसत्या शब्दाने दिवा लावायचा, नाहीतर विद्या कायमची बंद. बाईसाहेब महिनाभर माझ्या चुलीवर सराव करत होत्या. "पेट!" असं गरजायच्या, पण चूल ढिम्म.

मी म्हटलं, "विस्तव तुमचा नोकर नाही. 'पेट गं बाई' म्हणा. मी चाळीस वर्षं तेच म्हणतेय."

"मी चुलीच्या विनवण्या करू?"

"मग खा कच्चं पीठ!"

परवा दुपारी पोटात कावळे ओरडले, तसा तोरा उतरला. हळूच म्हणाल्या, "पेट ना गं, माझी बाई." भपकन जाळ झाला! आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो.

काल त्या दिव्यापाशी वाकून पुटपुटल्या आणि दिवा लागला. गुरुजी म्हणाले, "केवढा गहन मंत्र!" मी दाराआडून ऐकला ना: "लाग ना रे, राजा!"

कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय, म्हणून हे पत्र पिठाच्या डब्यातच राहणार. तरी उत्तर लवकर पाठव ना गं, माझी बाई.

तुझी,
ताई