सोळा इंच

चि. भाविकास,
काकाचे आशीर्वाद.

जुलैत आपल्या मुलींनी फुटबॉलमध्ये थायलंडला २-१ हरवून आशिया चषक गाठला. याच थायलंडकडून १९८३च्या अंतिम सामन्यात आपण ०-३ हरलो होतो, माझ्या वहीत नोंद आहे. या जुलैपासून एकच स्वप्न पडतं. धसईच्या आपल्या भातखाचरात पाणी भरलंय, निळ्या जर्सीतल्या मुली पाण्यावरून आवाज न करता धावतायत आणि गोलात तू आहेस. चेंडू येतो, तू झेपावतेस, आणि बांबूचा खांब हळूच लांब सरकतो.

भात कापल्यावर सुताराचा टेप आणला. गोल चोवीस फुटांचा हवा, म्हणजे सोळा हात. खाचरातल्या गोलाचे खांब मी माझ्याच हाताने मोजून रोवले होते. हात दीड फुटाचा धरतात, माझा इंचभर आखूड निघाला. सोळा हातांत सोळा इंच कमी. त्याच गोलात तू चार वर्षं सराव केलास.

ठाण्याच्या निवड चाचणीत चेंडू तुझ्या बोटांपासून वीतभर लांबून गेला. "काका, मी पुरी ताणले व्हते," तू म्हणालीस. मी सगळ्यांसमोर बोललो, "खोटं नको बोलू गो, आळशी तू!" त्यानंतर तू हातमोजे घातले नायस.

हे पत्र वहीतच राहील, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण खांब उपटून टेपने नव्याने रोवलेत. संक्रांतीला खर्डीहून गावी आलीस की गोलात उभी राहा. "काका, गोल मोठा कसा वाटतो?" असं तू विचारशीलच. तेव्हा तरी मला खरं बोलता यावं.

तुझा,
सतरा इंच हाताचा रवीकाका